पाहणीला माणूस येणार होता

आमच्या घरात 'चांगलं चाललंय' असं मोठ्यानं म्हणायची पद्धतच नव्हती. कुणी विचारलं, "काय गं, शिवणकाम कसं चाललंय?" की मी लगेच म्हणायचे, "कुठलं काय, चाललंय आपलं रडतखडत!" पाठीमागं लग्नाच्या ब्लाउजांचा ढीग पडलेला असायचा, जेवायला उठायला सवड नसायची, पण तोंडात तेच. आणि मी एकटीच नाही हो. गल्लीतला किराणावाला तेच म्हणतो, रिक्षावाला तेच म्हणतो, आणि गळ्यात सोन्याची साखळी घालणारा आमचा पिठाच्या गिरणीवाला तर सगळ्यांच्या वरताण रडतो. चांगलं चाललंय म्हटलं की नजर लागते, उसने मागायला माणसं येतात आणि सरकारी यादीतून नाव जातं. तहसीलातून उत्पन्नाचा दाखला काढला आणि त्यावरचा आकडा बारीक निघाला, की आम्ही पेढे वाटायचं तेवढं बाकी ठेवतो.

अशा आम्हाला एके दिवशी काचेच्या केबिनमधली एक पोरगी म्हणाली, "ताई, तुमची कमाई दाखवा. जेवढी जास्त दिसेल तेवढं बरं."

मी नवऱ्याकडं बघितलं, नवऱ्यानं माझ्याकडं. आमची कमाई जास्त असावी अशी कुणाचीतरी इच्छा आहे, हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. मला हसूच फुटलं.

ते घराच्या कर्जाचं ऑफिस होतं. आम्ही राहतो नगरला. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला नगरच बसलंय. भिंगारच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्या होत्या आमच्या. नवरा एमआयडीसीत कंत्राटावर कामाला, पगार वेळेवर पण बारीक. मुलगी शाळेत जाणारी. मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात, त्या ब्लाउजांना हुक लावायच्या आणि हातशिलाई करायच्या. आत्या तिसगावच्या पलीकडच्या एका कोरड्या गावच्या. उभी हयात ऊसतोडीत गेली त्यांची. अर्धं वर्ष गावात, अर्धं वर्ष कारखान्याच्या फडावर, पाचटाच्या कोपीत. वाकून आत जायचं, वाकूनच बाहेर यायचं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा आमच्याकडं आल्या, त्या इथल्याच झाल्या.

आत्यांचे दोन नियम होते. एक, घरात टीव्ही घ्यायचा नाही. नवऱ्यानं दोनदा विषय काढला, दोनदा त्यांनी तोंड फिरवलं. दुसरा, दारात अनोळखी माणूस आला की फ्रीजवर चादर टाकायची. जुना घेतलेला साधा फ्रीज तो, पण मीटर बघायला माणूस आला तरी आत्या लगबगीनं चादर टाकायच्या आणि वर एक कळशी ठेवायच्या. मला वाटायचं, असतो एकेकाचा स्वभाव.

आमच्या घरमालकीणबाई तशा वाईट नव्हत्या. पण दिवेलागणीनंतर माझी मशीन सुरू झाली, की वरून काठी आपटायच्या. दारावर पाटी लावू द्यायच्या नाहीत. 'ब्लाउज, फॉल, पिको' ही पाटी मी खिडकीच्या आतल्या बाजूला टांगली होती. ज्याची नजर तेज त्यालाच दिसायची. लग्नसराईत मी मशीनखाली गोधडी घालायचे, आवाज मारायला. स्वतःच्या मेहनतीचं काम आणि करायचं चोरून! माझा जीव नुसता तडफडायचा.

आणि मग केडगावच्या पुढं ते रो-हाऊस दिसलं. लहानच. एक पुढची खोली, एक मागची, ओटा आणि वर गच्ची. पण पुढची खोली थेट रस्त्यावर! मी उंबऱ्याच्या आत पाय टाकला आणि मला सगळं दिसायलाच लागलं. इथं मशीन, इथं ओव्हरलॉक, इथं बायकांना उभं राहायला आरसा, आणि दारावर ही एवढी मोठी पाटी. मी खोलीच्या मधोमध उभी राहून हात पसरून एक गिरकीच घेतली. नवरा म्हणाला, "अगं, मालक बघतायत." बघू देत की!

घर विकणारे काका मुलाकडं पुण्याला चालले होते. म्हणाले, इसार द्या, महिनाभर थांबतो. त्याच्यापुढं नाही, रोखीचं गिऱ्हाईक दारात बसलंय. माझी भिशी नुकतीच लागली होती, ती सगळीच्या सगळी इसारात ओतली. आता कर्ज झालं तर घर, नाही झालं तर घरही गेलं आणि भिशीही.

पहिल्या बँकेतले साहेब नवऱ्याचा पगार बघून म्हणाले, एवढ्यात बसत नाही. मी म्हटलं, अहो मी पण कमावते. तर म्हणे, त्याचा कागद काय? आता कागद कसला आणणार? बाई ब्लाउज घालून बघते, पैसे देते, मी डब्यात टाकते. दुसऱ्या बँकेत आम्ही शहाणपणा करून तो उत्पन्नाचा दाखला नेला. साहेबांनी चष्मा वर केला, दाखला वाचला आणि म्हणाले, "बाई, याच्यावरून बघितलं तर तुम्ही दोन वेळा जेवता हेच मोठं नवल आहे." ज्या दाखल्याला आम्ही इतकी वर्षं जिवापाड जपलं, त्यानं असं तोंडावर पाडलं. मी संतापानं लाल झाले, पण कुणावर चिडायचं तेच कळेना.

म्हणून तिसऱ्या ठिकाणी ती केबिनमधली पोरगी असं म्हणाली तेव्हा माझे कान टवकारले. म्हणाली, "कागद नसू दे ताई. आमचे सर घरी येऊन बघतील. मशिनी किती, काम किती, गिऱ्हाईक किती, शेजारीपाजारी काय म्हणतात. त्यावरून ते कमाईचा अंदाज बांधतात. अंदाज बसला की कर्ज बसलं."

मी तिथंच टाळी वाजवली. हो, खरंच वाजवली, सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. येताना माळीवाड्यात उतरून आम्ही दोघांनी उसाचा रस घेतला. नवरा मुळातच सावध माणूस. ग्लासातल्या बर्फाकडं बघत म्हणाला, "होईल का गं?" मी म्हटलं, "होईल का म्हणजे काय, झालंच म्हणून समजा! येऊन बघणारेत ना? बघू देत. लपवायला काय आहे आपल्याकडं?"

घरी आले तशी आत्यांच्या पुढ्यात बसले. त्या हुक लावत होत्या.

"आत्या, परवा आपल्याकडं पाहणीला माणूस येणारे. घराचं काम आहे. त्यानं पास केलं की घर मिळालं!"

आत्यांची सुई थांबली. "पाहनीला?"

"व्हय."

"सायेब येनार?"

"साहेबच."

त्यांनी आधी हातातला हुक पक्का केला. मग दातानं दोरा तोडला आणि म्हणाल्या, "बरं. तू नगं काळजी करू. मी बघते."

मला वाटलं, चहापाण्याचं बघतील.

पाहणीच्या दिवशी सकाळी मी घर असं लावलं की बघत राहावं. तयार ब्लाउज दोरीवर रंगवार टांगले. पिवळे, राणी, मोरपिशी. शिलाईच्या दोन्ही मशिनी आणि ओव्हरलॉक पुसून लख्ख केलं. फ्रीजवरची चादर काढून घडी घालून ठेवली. पाटी खिडकीतून काढून थेट दरवाजाजवळ भिंतीला टेकवून उभी केली, मालकीणबाईंना काय म्हणायचं ते म्हणू देत. साहेब दुपारी येणार होते. तेवढ्यात आठवलं, एका नवरीच्या शालूवरच्या ब्लाउजाला लटकन राहिलेत आणि तिची आई आजच न्यायला येणारे. म्हटलं, साहेब यायच्या आत कापडबाजारात जाऊन येऊ. पटकन गेले.

दुकानात लटकन जुळवत होते तोच फोन. "ताई, मी तुमच्या गल्लीत पोचलोय. जरा लवकरच आलो." मी म्हटलं, "बसा बसा, आत्या आहेत घरी, मी आलेच!" आणि लटकन पिशवीत टाकून पळत सुटले. रिक्षावाला सीट भरायची वाट बघत तंबाखू मळत बसला होता. मी म्हटलं, "दादा, उरलेल्या सीटचे पैसे मी देते, पण तू हल आता!"

दारात आले आणि मला वाटलं, मी चुकून दुसऱ्याच घरात शिरले.

खोली रिकामी. मशिनी नाहीत. ओव्हरलॉक नाही. आरसा नाही. फ्रीजच्या जागी भिंतीवर नुसता चौकोनी डाग. ब्लाउजांची दोरीसुद्धा सोडून नेलेली. पाटी उलटी करून तिच्यावर कांदे पसरलेले. मधोमध पोत्यावर आत्या बसलेल्या, अंगावर ठिगळाचं लुगडं, जे मी मागंच पुसायला काढलं होतं. समोर पालथ्या घातलेल्या डब्यावर एक तरुण साहेब अवघडून बसलेले, मांडीवर हेल्मेट, हातात मोबाईल. आणि शेजारच्या काकू दाराला टेकून त्यांना सांगतायत, "लई गरीब हायेत हो सायेब. ह्या पोरीला कामधंदा न्हाई. दोन टायमाची भाकर कशीबशी सुटती. द्या बिचाऱ्यांना घर, पुण्य लागंल तुमाला."

साहेब ते सगळं मोबाईलमध्ये लिहीत होते.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! "काकू! हे काय बोलताय तुम्ही? आणि माझ्या मशिनी कुठंयत? चोरी झाली का काय?"

आत्यांनी मला डोळ्यांनी दटावलं. उठल्या, लंगडत आल्या, माझा दंड धरून मला मोरीकडं ओढलं आणि कानात कुजबुजल्या, "गप की! सगळं झ्याक जमवलंय मी. गल्लीतली पोरं लावून सामान काकूच्या घरात न्हेऊन टाकलंय. ह्या वक्ताला टीव्हीसारखं हुऊ द्यायचं न्हाई."

टीव्ही! तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकली होती. गावाकडं घरकुलाच्या यादीत एकदा आत्यांचं नाव आलं होतं. पक्क्या भिंतींचं घर मिळणार होतं, पत्र्यातनं तरी सुटका होणार होती. पाहणीला माणूस यायचा होता. त्याच सुमारास शेजारणीचं छप्पर गळायला लागलं, म्हणून तिनं आपला टीव्ही आत्यांच्या घरात आणून ठेवला. नुसता ठेवला, लावलासुद्धा नव्हता. पाहणीचा माणूस आला, त्यानं दारातूनच टीव्ही बघितला आणि 'घरात टीव्ही आहे' म्हणून नाव खोडलं. आत्या म्हणत राहिल्या, माझा न्हाई वो, माझा न्हाई. कोण ऐकतंय? त्या वर्षी त्या कोपीतून पुन्हा पत्र्यातच आल्या, आणि पुढच्याही वर्षी. पाहणी हा शब्द त्यांना तिथून माहीत होता, आणि मी नेमका तोच वापरला होता.

मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि राग तर कुठं ठेवू असं झालेलं. मी बाहेर येऊन साहेबांना सगळं सांगून टाकलं. मशिनी माझ्याच आहेत, काम भरपूर आहे, म्हातारीनं गैरसमजातून लपवलंय. काकू जीभ चावून पळत घरी गेल्या. मी आणि काकूंनी मिळून एकेक मशीन ओढत आणली, साहेबांनी फ्रीजला हात लावला, आणि सगळं जागच्या जागी आलं. मी घामाघूम होऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिले. "आता काढा फोटो!"

साहेबांनी फोटो काढला नाही. पोरगा सज्जन होता, आवाज चढवत नव्हता, पण म्हणाला, "ताई, तुम्ही रागावू नका. मी आलो तेव्हा घर रिकामं होतं, त्याचे फोटो गेलेत. शेजारी म्हणाल्या कामधंदा नाही, ते लिहिलंय. आता शेजाऱ्यांच्या घरातून मशिनी आल्या. मी वर काय सांगू? लोक कर्जासाठी दुसऱ्याच्या मशिनी आणून दाखवतात, हे आम्हाला रोजचं आहे."

घ्या! टीव्ही आत्यांचा नसताना आत्यांचा ठरला होता, आणि आता मशिनी माझ्या असून माझ्या ठरेनात. माझ्या डोळ्यांपुढं ती रस्त्यावरची खोली आली, इसारात गेलेली भिशी आली, आणि मी मटकन खालीच बसले.

साहेब आत्यांकडं वळले. "आजी, तुम्ही सांगा. या मशिनी कुणाच्या?"

आत्या माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसत होतं, पण बाहेर पडेना. खरं बोललं की नाव खोडतात, हे त्यांनी भोगलं होतं. तुम्हीच सांगा, त्यांनी काय करायचं?

मी त्यांचे गुडघे धरले. "आत्या, हे घरकुल न्हाई. हा दुसरा साहेब आहे. इथं कमाई जास्त असली तरच घर देतात."

"जास्त आसली तर?" आत्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "येडी का काय तू? ज्याच्याकडं हाय त्याला कशापायी देत्याल? असं कुठं आस्तंय व्हय?"

साहेबांना हसू आवरेना. म्हणाले, "आजी, आमच्याकडं असंच असतं. आम्ही फुकट देत नाही. आज पैसे देतो, तुम्ही दर महिन्याला थोडे थोडे फेडायचे. तुमच्या अंगात फेडायची ताकद आहे का, एवढंच बघायला आलोय मी."

आत्यांचा चेहरा असा बदलला, जणू कुणी दिवाच लावला. "आगं बया! म्हंजी ही उचल हाय व्हय?"

"उचल?" साहेब.

"उचल वो! ऊसतोडीला जायच्या आदी मुकादम देतो ती. आगावू पैसं. आन् मग शीजनभर तोडून फेडायची." आत्या माझ्याकडं वळल्या आणि मलाच झापायला लागल्या, "मग आदीच उचल म्हनून सांगायचं की गं भवाने! पाहनी कशाला म्हनलीस? उचलीला रडून कसं चालंल? उचलीला जोडी धट्टीकट्टी दाखवावी लागती. मरतुकड्याला कोन मुकादम उचल देतो?"

आणि मग जे सुरू झालं! त्यांनी ठिगळाच्या लुगड्याचा पदर खोचला आणि साहेबांना हाताला धरून खोलीभर फिरवायला लागल्या. "ही बघा, ही मशीन तिची सोताची. त्या चाकावर बगा, माझ्या नातीनं लहानपनी खिळ्यानं रेघा मारल्यात, शेजारनीच्या मशीनवर माझी नात कशाला रेघा मारंल? ही दुसरी, दिवाळीला घेतली. आन् काय म्हनता, कामधंदा न्हाई? दिवाळीत ही पोरगी पाठ टेकत न्हाई सायेब! लगीनसराईत दारात चपला ठिवायला जागा नसती. बाया हिला बोलवत पार सावेडीतनं येत्यात. लई जोरात चाललंय आमचं. लई म्हंजी लईच!"

मी बघतच राहिले. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी आत्यांच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. 'बरं शिवतीस' एवढंही नाही.

"मग तयार काम कुठंय?" साहेबांनी विचारलं.

आत्यांनी जीभ चावली. त्याच वेळी बाहेरून हाक आली आणि नवरीची आई आत घुसली. "झाले का गं बाई ब्लाउज? हळदीची वेळ होत आली, पोरगी तिकडं नाचतीये माझ्या नावानं!" मी आत्यांकडं बघितलं. आत्यांनी हळूच कोपऱ्यातल्या बाजरीच्या कोठीकडं बोट दाखवलं.

मी झाकण उघडलं. बाजरीत हात घातला आणि एकेक ब्लाउज बाहेर काढायला लागले. पिवळा, राणी, मोरपिशी. झटकला की खळ्ळकन बाजरी सांडायची. नवरीची आई डोळे फाडून बघत होती. "अगं, हे काय? माझे ब्लाउज काय पेरायला घातले होते का?" शालूवरच्या ब्लाउजाच्या बाहीतून मूठभर बाजरी निघाली तेव्हा साहेब भिंतीला टेकून पोट धरून हसायला लागले. मी उभ्या उभ्या लटकन टाकले. नवरीच्या आईनं ब्लाउज खिडकीच्या उजेडात धरला, शिलाई बघितली, आणि बाजरीचा विषयच विसरली. जाताना साहेबांना म्हणाली, "तुम्ही कोण ते माहीत नाही, पण घरात कुणाचं लग्न असलं तर इथंच टाका."

साहेब आता टकाटक फोटो काढत होते आणि लिहीत होते. लिहिता लिहिता थांबले. "आणि आजी, हे हुक कोण लावतं?"

"मीच की. हुक, काजं, तुरपाई, समदं माझ्याकडं."

"त्याचे पैसे मिळतात तुम्हाला?"

"मिळतेत म्हंजी? घेते मी! नगामागं घेते. फुकट न्हाई करत." हे खरं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, सून असलीस म्हणून काय झालं.

"मग आजी, तुम्हीपण कमावता. तुमची कमाई वेगळी लिहितो."

आत्यांनी मान वाकडी केली. "येगळी?"

"हो. दादांची वेगळी, ताईंची वेगळी, तुमची वेगळी."

आत्या परत पोत्यावर बसल्या. बोलल्या, पण आवाज बदलला होता. "सायेब, आमच्या तोडीत नवरा-बायकू मिळून येक कोयता धरत्यात. म्या ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावरनं गाडीत भरल्या. पर हिशोब कोयत्याचा. पैसं घरधन्याच्या हातात. माझं किती, त्यांचं किती, कवा कुनी इचारलंच न्हाई." मग एकदम सरसावून म्हणाल्या, "ल्ह्या तुमी. मोठं ल्ह्या."

मी चहा टाकायच्या निमित्तानं उठले.

साहेब निघाले तसं आत्यांना एकदम भान आलं. एवढं सगळं मोठ्यानं बोलून गेलो, आता नजर लागणार! त्यांनी साहेबांना उंबऱ्यातच थांबवलं, मूठभर मीठ आणि लाल मिरच्या आणल्या आणि माझ्यावरून उतरवल्या, मशिनींवरून उतरवल्या, आणि सगळ्यात शेवटी त्या बिचाऱ्या साहेबांवरून पण. त्यांचा मोबाईल हातात तसाच, आणि ते अगदी शहाण्या मुलासारखे उभे.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. फोन वाजला की सुई बोटात. नवरा कामावरून आला की दारातूनच विचारायचा, आला का? इसाराची मुदत जवळ येत चालली होती. आणि एका दुपारी मी बाही कापत असताना त्या साहेबांचाच फोन आला.

"ताई, बसलं कर्ज. पण थोडक्यात बसलं. दादांचं आणि तुमचं मिळून जरा कमी पडत होतं. आजींचे हुक धरले आणि बसलं."

मी कात्री टाकली आणि अशी ओरडले की वरून मालकीणबाईंनी काठी आपटली. आपटू दे! मी आत्यांना मिठी मारली. त्या म्हणाल्या, "आगं सुई हाय हातात, टोचंल!" मग म्हणाल्या, "काय झालं ते तरी सांग." मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, हातातला ब्लाउज बाजूला ठेवला आणि पदर तोंडाला लावून खूप रडल्या. मीही रडले. काकू धावत आल्या, त्यांना वाटलं कुणी गेलं.

आता आम्ही केडगावला राहतो. दारावर पाटी आहे, रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल अशी. हप्ता आहे, तो दर महिन्याला जातो आणि त्या दिवशी सगळे जरा गप्प असतात. पण दिवेलागण झाल्यावर मी दिवा लावते आणि गोधडी न घालता मशीन सुरू करते, तेव्हा तो आवाज सगळ्या खोलीत घुमतो. मला अजून त्याचा कंटाळा आलेला नाही.

राहायला आल्यावर दुसऱ्याच महिन्यात आत्यांनी कमरेच्या पिशवीतून हुकांचे साठवलेले पैसे काढून नवऱ्यापुढं ठेवले. म्हणाल्या, टीव्ही आन. त्यानं आणला आणि मागच्या खोलीत लावायला घेतला. आत्यांनी अडवलं. पुढच्या खोलीत, दाराच्या समोर, रस्त्यावरून जाणाऱ्या येणाऱ्याला दिसेल अशा जागी त्यांनी तो लावून घेतला. दार सताड उघडं टाकलं, समोर खुर्ची घेतली आणि आवाज असा मोठा केला की माझी मशीनसुद्धा ऐकू येईना.

नवरा म्हणाला, "आई, आवाज तरी कमी कर. लोक बघतायत."

"बघू दे की," आत्या म्हणाल्या. "ज्याला पाहनीला यायचंय त्यानं यावं आता. सांगते, माझा हाय म्हनून."